दुसऱ्याच्या ट्रेवरची सही

डावा गाल लट्रीस गेदरचा राहिला नव्हता. दाताच्या डॉक्टरने दोन सुया टोचून तो मारून टाकला होता, आणि बसच्या खिडकीशी बसून ती जिभेने आतून चाचपत होती तर कुणा परक्या बाईचा गाल लागत होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय की काय या भीतीने ती दर मिनिटाला रुमाल लावत होती. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने दोनदा वळून पाहिलं. बघ, बघ, तिने मनात म्हटलं, दिवसाढवळ्या पिऊन चढलेली बाई समज आणि घरी जाऊन बायकोला सांग. एवढ्यात बस मार्केटच्या कोपऱ्यावर लाल दिव्याला थांबली आणि बाहेर बाकावर तिला मकाया दिसली. तिची मुलगी. मांडीवर वही, हातात तळलेल्या माशाचा कागद, पाय पुढे ताणलेले, जणू मार्केट हिच्या बापाचं. गळ्यातली हिरवी फीत, जिला कॉलेजचं ओळखपत्र लटकतं, ती तिने सदऱ्याच्या आत खुपसली होती. सव्वाअकरा वाजले होते. शुक्रवार होता. मंगळवार-शुक्रवार, अकरा ते साडेबारा, संख्याशास्त्र. जानेवारीपासून तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता आणि दूध काढताना, दूध ठेवताना लट्रीसला तो पाठ झाला होता. दिवा हिरवा झाला. लट्रीसने काचेवर हात आपटला. मकायाने मान वर केली, पण आईकडे नाही. तिने बसच्या अंगावर पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

बसच्या अंगावरही मकायाच होती. गेल्या वर्षी कॉलेजने शाळेच्या पोरांसाठीच्या आपल्या कार्यक्रमातली चार पोरं उभी करून फोटो काढला होता, भाड्याच्या टोप्या आणि भाड्याचे काळे झगे घालून, आणि आता ती चौघं सगळ्या बाल्टिमोरभर दात दाखवत फिरत होती. खाली लिहिलं होतं, 'आम्हीही करू शकतो.' त्या 'ही'चा लट्रीसला पहिल्या दिवसापासून राग होता. कार्यक्रमाच्या एकाही कागदावर काळा हा शब्द नव्हता, शहरी होता. शहरी म्हणजे कोण, हे कॉलेजच्या त्या टेकडीवर सगळ्यांना न सांगता कळत होतं. नववीपासून पोरांना शाळेतून टेकडीवर न्यायचं, कॉलेजच्या वर्गात बसवायचं, आणि बारावी संपते तेव्हा एका हातात शाळेचा दाखला, दुसऱ्या हातात दोन वर्षांची कॉलेजची पदवी. साठ क्रेडिट. फुकट. फुकट म्हटलं की लट्रीसचे कान टवकारतात, कारण तिच्या आयुष्यात फुकट आलेल्या प्रत्येक गोष्टीला मागून शेपूट होतं. तरी तिने पोरीला पाठवलं. चार वर्षं पाठवलं. आणि पोरगी मार्केटात मासे खातेय.

पुढच्या थांब्यावर उतरून ती धावत मागे आली तोवर बाक रिकामा होता. फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला, आणि या वेळी दोन घंट्यांत कापला गेला. म्हणजे बाईसाहेबांनी आईचं नाव बघून कापला. लट्रीस तिथेच उभी राहिली. सदतीस वर्षांची बाई, अर्धा चेहरा मेलेला, हातात रुमाल. मग घरी जाणारी बस सोडून तिने टेकडीकडे जाणारी पकडली.

टेकडीवरच्या त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत ती चार वर्षांत बऱ्याचदा आली होती. आत एकदाही नाही. पालकांच्या सभेला बहिणीला पाठवलं, बक्षीस मिळालं तेव्हा कामाची पाळी बदलून मिळत नाही म्हणून सांगितलं. मे महिन्यात पदवीच्या दिवशी मात्र जायचं ठरवलं होतं. त्यासाठी मोहरीच्या रंगाचा एक ड्रेस घेतला होता, किमतीचं लेबल न काढता कपाटात टांगलेला. त्या दिवशी ती आत जाणार होती, आणि जाताना कुणालाही काही आठवणार नव्हतं, कारण सगळ्यांच्या नजरा पोरीवर असणार होत्या. आता तिला ड्रेसशिवाय, हॉस्पिटलातल्या कामाच्या निळ्या पायजम्यात, लाळ पुसत आत जावं लागत होतं. हिरवळ तीच होती. घंटेचा मनोरा तोच. अठरा वर्षांत त्यांनी फक्त कचऱ्याच्या पेट्या बदलल्या होत्या.

नोंदणीच्या खोलीत नंबर घेऊन बसावं लागतं. काउंटरमागे मिस ओडम बसल्या होत्या, साठीच्या, चष्मा साखळीला, केस रविवारच्या चर्चसाठी शुक्रवारीच बसवलेले. आपल्यातलीच बाई आहे म्हणून लट्रीसला क्षणभर बरं वाटलं. ते तिथेच संपलं.

"माझी मुलगी संख्याशास्त्राच्या वर्गाला जाते की नाही, एवढंच सांगा," लट्रीस म्हणाली. अर्ध्या तोंडातून ते 'शंख्या' असं निघालं.

मिस ओडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बाळा, तुला बरं आहे ना?"

"दात काढलाय. प्यालेली नाहीये मी."

"मी तसं म्हटलं का? हे बघ बाळा, मला सांगता यायचं नाही. कॉलेजात नाव घातलं की नोंद विद्यार्थ्याची. आईची नाही, बापाची नाही."

"ती सतरा वर्षांची आहे."

"बारा वर्षांची असली तरी. कायदाच तसा आहे. तिने सही करून परवानगी दिली तर सगळं वाचून दाखवीन. पाणी देऊ का?"

सतरा वर्षं. गोवर, दमा, शाळेची सहल, कान टोचणं, कुठलाही कागद लट्रीसच्या सहीशिवाय हलला नव्हता. आणि आता पोटची पोर वर्गात बसते की नाही हे विचारायला पोटच्या पोरीची परवानगी. पाणी नको म्हणून ती उठली आणि दोन दारं पलीकडे पर्नेल सरांकडे गेली. पर्नेल सर कार्यक्रमाच्या पोरांची देखरेख करायचे. तरुण, बो टाय लावणारे, प्रत्येक वाक्याआधी 'खरंच' म्हणणारे. लट्रीसला ते फोनवरच्या आवाजापासूनच आवडले नव्हते. उभ्या उभ्या त्यांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"खरंच, मिस गेदर, मी मकायाबद्दल काही बोलू शकत नाही. तुम्ही तिच्याशी बोललात का?"

"फोन उचलत नाही."

"मग संध्याकाळी बोला ना."

"संध्याकाळपर्यंत काही बिघडणार असेल तर?"

ते घोटाळले. घड्याळाकडे पाहिलं. "मी सगळ्याच पालकांना सांगतो तेवढं सांगतो. विषय सोडायचा असेल तर आज पाचपर्यंत मुदत आहे. त्यानंतर जो शेरा मिळेल तो मिळेल. पण खरंच, तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसावर लट्रीसने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले की ती घरी येऊन मृत्युपत्राचा विचार करायची. हा गडी घड्याळ बघून सांगतोय. कायद्याने तोंड शिवलंय, म्हणून डोळ्यांनी सांगतोय. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं, आणि बाहेर येऊन भिंतीशी लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. बारा वाजून वीस. पाचला अजून चार तास चाळीस मिनिटं.

ती स्वतः इथे शिकत होती तेव्हा ही खुर्ची लाकडी होती. नाव काढून घ्यायला येऊन ती तिच्यावर बसली नव्हती, हेच तर सगळं होतं. एकोणिसाव्या वर्षी, ऑक्टोबरात, सकाळी उठलं की उलट्या व्हायच्या आणि टेकडी चढायची बस त्याच वेळी यायची. मकायाचा बाप चांगला माणूस होता, फक्त तो चांगुलपणा करायला दुसऱ्या शहरी गेला. लट्रीसने आईला विचारलं, कॉलेज सोडलंय हे जाऊन सांगू का? आई चुलीपाशी उभी होती, खेकड्यांवर मसाला उधळत. "काय सांगायचंय त्यात? जायचं बंद कर. पंधरा दिवस दिसली नाहीस की तेच नाव काढतील. तुझ्या दोन्ही मामांची काढलीच ना." आणि आईचं खोटं नव्हतं. त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक शाळेने न येणाऱ्या पोराचं नाव आपणहून काढलं होतं, काही वेळा तर येणाऱ्याचंही. पोरांना गाळणं हे त्या शाळांना इतकं छान जमायचं की कॉलेजला ते येत नसेल असं कुणाच्या मनात आलं नाही. कॉलेजने नाव काढलं नाही. कॉलेजने वाट पाहिली, डिसेंबरपर्यंत, अगदी सभ्यपणे, आणि मग तीन विषयांपुढे तीन एफ लिहिले. इंग्रजी, जीवशास्त्र, बीजगणित. एक कागद, एक सही, एवढंच करायचं होतं. तिथे डब्ल्यू आला असता. डब्ल्यू म्हणजे सोडून गेली. एफ म्हणजे नापास. सोडून जाणं ही तिची खरी गोष्ट होती आणि तिला तीही मिळाली नाही. सहा वर्षांनी ती नर्सिंगला दुसरीकडे नाव घालायला गेली तेव्हा तिथल्या बाईने जुना दाखला मागवला आणि वाचून पुन्हा पाकिटात घातला, मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तसा. लट्रीस आता नर्सेसची हत्यारं धुते.

ती काम वाईट करत नाही. हॉस्पिटलच्या तळघरात चिमटे, कात्र्या, आकडे, सगळं रक्तासकट येतं. धुवायचं, भिंगाखाली बघायचं, ट्रेमध्ये यादीप्रमाणे लावायचं, गुंडाळायचं, आणि कागदावर सही करायची. ज्याने ट्रे लावला त्याचीच सही. त्या खोलीत देव एकच, आणि तो हा नियम. दोन वर्षांपूर्वी शार्मेन नावाच्या पोरीने मैत्रिणीच्या ट्रेवर सही केली. मैत्रीण बाळाला डॉक्टरकडे न्यायला लवकर निघाली होती. ट्रेमध्ये काहीच कमी नव्हतं. तरी लट्रीसने वर जाऊन सांगितलं. शार्मेनची नोकरी गेली आणि आठ दिवस जेवणाच्या टेबलावर लट्रीसच्या शेजारी कुणी बसलं नाही. घरी येऊन तिने मकायाला हे छाती काढून सांगितलं होतं. दुसऱ्याच्या ट्रेवर सही म्हणजे दुसऱ्याच्या पोटात सुरी. मकाया तेव्हा फ्रेंच फ्राय खात होती. खाता खाता ती थांबली.

दोन वाजता तिने पुन्हा फोन लावला. आता तो सरळ बंद होता. तीन वाजता, साडेतीनला बंद. गालात मुंग्या यायला लागल्या होत्या आणि मुंग्यांच्या खालून ठणका वर येत होता. पोरं नंबर घेऊन येत, कागद देत, जात. गोरी पोरं काउंटरवर कोपर टेकून उभी राहत, जणू तिथे सरबत मिळतं. कार्यक्रमाची हिरव्या फितीवाली पोरं सरळ उभी राहत. लट्रीसला त्या कोपरांचा राग आला आणि त्या सरळ पाठींचा त्याहून जास्त आला. तिला सगळ्यांचाच राग आला. पर्नेलच्या टायचा, ओडमबाईच्या बाळा-बाळाचा, मेलेल्या आईच्या खेकड्यांचा, आणि सगळ्यांत खाली, जिथे बघायचं ती टाळत होती तिथे, मकायाचा. पोरगी काहीच न करता आईसारखी निघाली. इतकी वर्षं आपण दारच्या पायऱ्या घासल्या, तिला घासलं, आणि आतून तीच जुनी लट्रीस निघाली, खालची, ऑक्टोबरातली. बाकावर पाय ताणून बसलेली. तेच नाव काढतील म्हणून वाट बघणारी.

चारला विषय सोडण्याचे फॉर्म भिंतीवरच्या खणात दिसले. पिवळे. सव्वाचारला तिने एक काढला. नुसता बघायला. नाव, क्रमांक, विषय, कारण, सही. आईबापासाठी जागा नव्हती. विद्यार्थी क्रमांक फ्रिजवरच्या कागदावर होता, म्हणजे तिच्या डोक्यात होता. साडेचारला ती काउंटरवर गेली.

"हा मी दिला तर?"

"विद्यार्थ्याने द्यायचा, बाळा," मिस ओडम म्हणाल्या. "नाहीतर सही करून दारातल्या फटीत टाकायचा. मागची पेटी पाचला उघडते मी. पण सही तिची."

"ती येतेच आहे," लट्रीस म्हणाली. आयुष्यात काउंटरवर खोटं बोलायला ती कधी घाबरली नव्हती, पण या वेळी गाल जागा होता आणि तो थरथरला.

पावणेपाचला ती बाहेर जिन्यात जाऊन बसली. डब्ल्यू म्हणजे नुसतं भोक. भोक उन्हाळ्यात बुजवता येतं. एफ दगड आहे, तो पोरीच्या गळ्यात राहील, आणि वीस वर्षांनी कुणीतरी तो पाकिटात घालून परत देईल. मकायाची सही तिला येत होती. तिनेच शिकवली होती, चौदाव्या वर्षी, याच कार्यक्रमाच्या पहिल्या फॉर्मवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आडनाव पूर्ण लिही. तुला कुणी वाचू शकलं पाहिजे. पोरीने वहीचं पान भरून सराव केला होता. लट्रीसने गुडघ्यावर फॉर्म ठेवला आणि एका दमात सही केली. इतकी हुबेहूब की तिलाच शहारा आला. मग ती उठली आणि कागद फटीत टाकला. आत तो पडल्याचा आवाजही आला नाही.

घर येईस्तोवर ठणका कानापर्यंत चढला होता. तिने गोळी घेतली, बर्फ लावला आणि पोरीला काय काय बोलायचं याची उजळणी करत बसली. सहाला दार वाजलं. मकाया आत आली ती कोंबडीच्या पंखांचा डबा घेऊन, वर बटाट्याच्या कापांचा डोंगर, आणि निम्मा चहा निम्मं लिंबूसरबत असे दोन मोठे पेले.

"मा, तुझा गाल बघ! भोपळा झालाय. तुला चावायचं नाहीये, कळलं? तुझे पण मीच खाणार."

"सव्वाअकराला कुठे होतीस?"

मकायाने डबा ठेवला. "बसमध्ये तू होतीस? काचेवर आपटत होतं कुणीतरी. मला वाटलं वेडं आहे."

"कुठे होतीस ते विचारलं."

"मार्केटात. अभ्यास करत होते. मार्चपासून मी त्या वर्गात जातच नाही, मा. बस खाली. ओरडू नकोस, टाके तुटतील. प्रोफेसर आम्हा हिरव्या फितीवाल्या सहा जणांना पहिल्या रांगेत बसवायचा. प्रत्येक गणितानंतर थांबून विचारायचा, आमच्या छोट्या मित्रांना समजलं का? हात वर करा. सगळा वर्ग थांबायचा, आमचे हात मोजायला. एक दिवस मी नाही केला. तो म्हणाला, लाजू नकोस, पुन्हा सांगतो. पुन्हा सांगितलं. मी तरी नाही केला. तिसऱ्यांदा सांगितलं, मा. अगदी प्रेमाने. मग मी दप्तर उचललं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू जाऊन त्याच्या टेबलावर चढली असतीस. पर्नेल सरांनी जमवून दिलं. पुस्तक माझं मी वाचायचं, परीक्षा परीक्षाघरात द्यायची. आज शेवटून दुसरी होती, दोन ते पाच. फोनसुद्धा कपाटात कुलुपात ठेवतात. निकाल तिथेच पडद्यावर येतो." तिने एक पंख उचलला आणि राणीसारखा उंच धरला. "एक्क्याऐंशी."

लट्रीसने पेला हातात घेतला. पेल्यातला बर्फ हलला. मकायाच्या खिशात फोन किणकिणला, आणि लट्रीसला तो कशाचा आहे हे फोन बाहेर निघायच्या आधीच कळलं, भिंगाखाली हत्यारावरची चीर दिसते तसं. मकायाने वाचलं. पुन्हा वाचलं. पंख डब्यात परत ठेवला आणि बोटं एकेक करून कागदाला पुसली.

"विषय सोडण्याची माझी विनंती नोंदवली म्हणे. पाच वाजता."

"मला वाटलं तू—"

"फॉर्म कुणी भरला?"

"मला वाटलं तू माझ्यासारखी नुसती जायची बंद झालीस! तो माणूस घड्याळाकडे बघून बोलला! कुणी काही सांगेना, तू फोन उचलेनास, काय करायचं होतं मी? एफ लागला असता!"

"तुझ्यासारखी म्हणजे?"

सतरा वर्षं न सांगितलेली गोष्ट लट्रीसने मग तीन वाक्यांत सांगितली. ऑक्टोबर, उलट्या, तीन एफ. मकायाने ऐकलं. कार्यक्रमाच्या पहिल्या फॉर्मवर तिने लिहिलं होतं, घरातून कॉलेजात जाणारी पहिली. फोटो त्याच कारणाने तिचा काढला होता.

"सत्तावन्न," ती शेवटी म्हणाली. "साठातून तीन गेले, सत्तावन्न. कार्यक्रम मेअखेर बंद होतो, त्यानंतरच्या उन्हाळ्याचे पैसे कोणी देत नाही. आणि ज्या विद्यापीठाने मला एकदम तिसऱ्या वर्षात घेतलंय, शिष्यवृत्तीसकट, ते साठ आहेत म्हणून."

"मग त्यांना सांग, मी नाही सोडला म्हणून. चूक झाली म्हणून."

"चूक कशी होईल? माझी सही आहे. परत एकाच रस्त्याने मिळतं, सही माझी नाही असं मी लिहून दिलं तर. मग ते विचारणार, कोणाची." मकायाने डब्याचं झाकण लावलं. "मी ते नाही सांगणार. मी आपल्या माणसाकडे बोट दाखवत नाही, मा. तू दाखवतेस."

शनिवार-रविवार त्या दोघी एका घरात दोन भाडेकरूंसारख्या राहिल्या. मकाया वाईट वागली नाही. तिने आईला सूप करून दिलं, गोळीची वेळ सांगितली, रविवारी ईस्टर होता म्हणून केस बसवून घेतले. तेच जास्त लागत होतं. चर्चमध्ये टोपीखालून लट्रीस इतरांच्या लेकी बघत होती आणि प्रत्येकीचा तिला राग येत होता. सोमवारी कॉलेज बंद, हॉस्पिटल चालू. तळघरात तिने अकरा ट्रे लावले. बाराव्याच्या कागदावर सही करताना हाताने आपणहून मकायाचा 'म' काढायला घेतला. तिने कागद फाडला. नवा मागताना बाजूच्या बाईने विचारलं, काय झालं? काही नाही, लट्रीस म्हणाली, आणि तिला शार्मेन आठवली, वरून खाली येऊन कपाट रिकामं करणारी. शार्मेनने तिला तेव्हा शिवी दिली नव्हती. म्हणाली होती, लट्रीस, तुला कधी कुणासाठी घाई झालीच नाही का गं? आणि लट्रीसने म्हटलं होतं, नाही. किती सहज म्हटलं होतं. आपला आपल्यालाच असा तिटकारा येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. तिचा सगळा राग इतकी वर्षं बाहेरच्यांच्या वाट्याला गेला होता.

मंगळवारी दहाला ती टेकडीवर होती. घरून निघताना मोहरीच्या ड्रेसपुढे क्षणभर थांबली आणि निळाच पायजमा घातला. नंबर सात. मिस ओडमनी चष्मा वर केला.

"आली का लेक शुक्रवारी?"

"नाही आली. सही माझी आहे."

मागे उभा असलेला पोरगा कोपर टेकायच्या बेतात होता. तो सरळ झाला. मिस ओडमनी खालून एक पांढरा कागद काढला, आणि या वेळी बाळा म्हणाल्या नाहीत.

"मिस गेदर, वाचून घ्या आधी. तुम्ही हे लिहून दिलंत की विषय मी तिच्या नावावर आत्ता परत घालते, तिला काही होणार नाही. पण हा कागद डीनकडे जातो. खोटी सही करणाऱ्या माणसाला वर्षभर या आवारात पाय ठेवता येत नाही. आजपासून."

"वर्षभर."

"मेमधला समारंभ आतच असतो," मिस ओडम हळू म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगितलं नाही असं नको. हवं तर घरी जा. विचार करा."

लट्रीसने पेन मागितलं. काय केलं ते तिने चार ओळींत लिहिलं, कारण लिहिलं नाही. खाली छापलं होतं, कॉलेजशी तुमचं नातं, आणि तीन चौकोन: विद्यार्थी, माजी विद्यार्थी, कोणी नाही. पहिल्यांदा तिचं पेन सवयीने तिसऱ्यावर गेलं. मग तिने मधल्यात खूण केली. खाली सही केली, आडनाव पूर्ण, कुणालाही वाचता येईल अशी. मिस ओडमनी ते वाचलं, संगणकात काहीतरी टाकलं, आणि पडद्यावर जे आलं ते बघून पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतला, मागच्या पोराला दिसू नये म्हणून. लट्रीसला काय आलं ते माहीत होतं. तीन ओळी होत्या.

"झालं," मिस ओडम म्हणाल्या. "तिच्या नावावर परत आलं. ती शेवटची परीक्षा देऊ शकते." मग घसा साफ करून, "समारंभाची घरच्यांसाठी दोन तिकिटं येतात."

"पाठवा. माझी बहीण जाईल. तिला मिरवायला आवडतं."

पहारेकरी फाटकापर्यंत सोबत आला. म्हातारा होता, पाय ओढत होता, आणि वाटभर माफी मागितल्यासारखा हवामानाबद्दल बोलत होता. फाटकाबाहेर पडताच फोन वाजला.

"मा," मकाया म्हणाली. "मला आत्ता कॉलेजचं पत्र आलं. नोंद पूर्ववत केली म्हणून. तू कुठे आहेस?"

"फाटकापाशी."

"आतल्या बाजूला का बाहेरच्या?"

"बाहेरच्या."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, दप्तर असावं. "तिथेच थांब. मी येते. आणि मा, मी येईपर्यंत कुणाशी भांडू नकोस."

लट्रीस फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. समोरून मकायाचा फोटो असलेली बस गेली, तिच्याकडे तिने पाहिलं नाही. ती हिरवळीकडे बघत होती, पोरगी कुठल्या बाजूने येते ते.